बिनातिकीट मासे

परवा सुनंदाचा फोन आला. मी शेवगाव तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका होते, तेव्हा सुनंदा आमच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. म्हणाली, "बाई, तुमचे घरमालक गेले. कंडक्टर नाना. त्येच ओ, देवाचे मासे खाल्लेले."

माणसाची राख निवली नाही तोवर गावाने त्याच्या नावाला हे शेपूट लावून टाकले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिला काहीतरी फाडकन बोलले आणि फोन ठेवला. नानांच्या पत्नी, गयाकाकू, गेल्या वर्षीच गेल्या. आता माझे तोंड बंद ठेवायला कोणतेच कारण उरलेले नाही, म्हणून लिहिते आहे.

नानांचे नाव कारभारी. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली आणि निवृत्त होऊन गावी आले तरी कंडक्टरकी अंगातून उतरली नव्हती. त्यांचा जगावर संशय होता. दूधवाल्यावर होता, हवामानाच्या अंदाजावर होता, कलिंगडाच्या लाल रंगावर होता. समोरून कोणी हसत आले तर "ह्याचं काय काम आसंल?" हे ते त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पुटपुटायचे. त्यांचा एक ठोकताळा होता. "बाई, मानूस खिडकीतून भाईर बगाया लागला ना, की समजायचं, तिकीट काढलेलं न्हाई." गाडीतला हा नियम त्यांनी गावालाही लावला होता. बोलताना कोणाची नजर जरा इकडेतिकडे गेली की नाना त्याच्याकडे सरकायचे.

मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी नाव विचारले नाही. पहिला प्रश्न होता, "कुठं बसला?"

मी गोंधळले. मग म्हटले, "संगमनेरहून आले."

"कुठं उतरनार?"

"इथेच. बदली झालीये."

नवरा नगरला नोकरीला आहे आणि शनिवारी येईल, असे सांगितल्यावर त्यांनी माझा लग्नाचा फोटो मागितला. मोबाईलमधला चालला नाही. पुढच्या खेपेला फ्रेम आणली, ती त्यांनी दारात उजेडाला धरली. "सासऱ्याचं तोंड का आसं?" म्हणाले. त्या दिवशी सासऱ्यांची दाढ दुखत होती, हे मी खरेच सांगितले, पण नानांना ते पटलेले दिसले नाही. खोली मात्र दिली.

त्यांच्या बोटात तांब्याची जाड अंगठी होती. ती वाजवायची सवय जुनी, गाडीच्या दांड्यावर वाजवून वाजवून लागलेली. एकदा टण म्हणजे थांबा, दोनदा टणटण म्हणजे चला. घरात निम्मा कारभार त्या अंगठीवर चालायचा. गयाकाकू कपात चहा ओतत असल्या की पुरे झाल्यावर कपाला एक टण. पाहुणा फार वेळ बसला की खुर्चीच्या दांडीवर दोन. पाहुण्याला कळायचे नाही, पण काकू हसू दाबत आत जायच्या.

आमच्या गावाच्या एका अंगाला जायकवाडी धरणाचे पाणी येऊन थांबते. नाना सकाळी गळ घेऊन तिथे जायचे. पण त्यांची मासेमारी जगावेगळी होती. चांगली हातभर मरळ लागली तर बाकीचे लोक पोराबाळांना हाका मारतील. नाना तिच्या तोंडातला गळ हलक्या हाताने सोडवायचे, तिला पाण्यात ठेवायचे आणि आमिषाच्या डब्यावर अंगठी वाजवायचे, टणटण. "जा बाई. तुजी हक्काची जागा हाय." वाम, शिंगाडा, सगळ्यांना तोच मान. घरी यायची ती फक्त चिलापी आणि मांगूर.

मी एकदा विचारले तर म्हणाले, "ही चिलापी इथली न्हाई. भाईरच्या देशातून कुनीतरी आनली, सोडली पान्यात. आता सोताची पिल्लं तोंडात घिऊन फिरती आन दुसऱ्याची अंडी खाती. आख्खं कुटुंब बिनातिकीट, वर खिडकीची जागा!"

"मग तुम्ही काय करता?"

"दंड," नाना म्हणाले आणि चिलापीचे खवले काढायला बसले.

गयाकाकू माळकरी. घरात मासा चालत नव्हता. म्हणून गोठ्यामागे तीन दगडांची चूल होती, नानांची वेगळी कढई, वेगळा चमचा, वेगळे मीठसुद्धा. काकू वाटण मात्र करून द्यायच्या. लसूण, मिरची, भाजलेले खोबरे, घरचा काळा मसाला. वाटी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवायच्या आणि तोंड फिरवून परत जायच्या. नाना चिंचेचा कोळ घालून कालवण करायचे, बाजरीच्या भाकरीबरोबर. मी खाणारी, त्यामुळे मला वाटी यायची. ते समोर बसून मी काटे कसे काढते ते बघत राहायचे, कारण मासे खाणाऱ्या घरातली आहे असे मी नुसते सांगितले होते, पुरावा दिला नव्हता.

एकदा जाळ्यावाल्या कोळ्यांनी फेकून दिलेला एक मासा ते उचलून घेऊन आले. काळाकुट्ट, अंगावर पत्र्यासारखे कवच, तोंड खाली. लोक शोभेच्या काचेच्या पेटीत पाळतात आणि कंटाळा आला की पाण्यात सोडतात, तो. सुरी चालेना. नानांनी कुऱ्हाड आणली, तीही घसरली. शेवटी त्यांनी तो निखाऱ्यात अख्खा पुरला आणि कवच तडकल्यावर आतला पांढरा घास काढला. मला बोटभर दिला. चव चिखलाची होती. "कसा हाय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "बरा आहे," आणि बोलताना माझी नजर गोठ्यातल्या गाईकडे गेली. "खिडकीतून बगू नगा," नाना म्हणाले. "बेकारच हाय. पर सोडायचा न्हाई." त्यांनी तो शेवटपर्यंत खाल्ला.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागले. नगरच्या दवाखान्यात मोठे ऑपरेशन झाले. काकू महिनाभर तिकडेच होत्या. परत आले तेव्हा नाना अर्धे झाले होते, पण दारात उतरतानाच त्यांनी रिक्षावाल्याला "लांबच्या रस्त्यानं का आनलं?" विचारले, तेव्हा मला धीर आला.

त्यानंतर काही दिवसांनी कळशीचे प्रकरण झाले. घरात एक नवी स्टीलची कळशी होती, पुतणीच्या लग्नात आलेली, गळ्यावर नवरा-नवरीची नावे कोरलेली. नानांनी सकाळी तिच्यात नाक घातले आणि ओरडले, "हिला माशाचा वास कसा?" पहिला संशय अर्थातच माझ्यावर. मी तिच्यात मासे धुतले असणार. मी देवाशपथ नाही म्हटले. मग शेजारचे, मग मांजर. मांजर कळशीत कसे शिरेल याचा त्यांनी बराच विचार केला. गयाकाकू चुलीशी भाकरी थापत होत्या. "आवं, आसंल कशाचा तरी," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

नानांचे तिकडे लक्षच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

गावाच्या वरच्या बाजूला ओढ्यावर महादेवाचे देऊळ आहे आणि देवळाच्या पायऱ्यांखाली डोह. डोहातले मासे देवाचे. तिथे गळ टाकायची कोणाची छाती नव्हती. श्रावणी सोमवारी लोक कणकेच्या गोळ्या टाकायचे आणि मोठमोठे जुने मासे पायरीशी येऊन पाठी दाखवायचे. गयाकाकूंचा दर सोमवारचा दिवा त्या पायरीवर असे. लग्न होऊन आल्यापासून चुकवला नव्हता. ऑपरेशनच्या महिन्यात त्यांनी सुनंदाकरवी लावून घेतला होता.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात गोळ्या पाण्यात पडल्या आणि तशाच बुडाल्या. एक पाठ वर आली नाही. दुसऱ्या सोमवारी तेच. गावात कुजबुज सुरू झाली, आणि ती कुठे जाऊन थांबणार होती ते उघड होते. गावात रोज गळ घेऊन फिरणारा माणूस एकच होता. देवळाच्या गुरवांनी मला शाळेच्या फाटकात गाठून विचारले, "बाई, तुमच्या घरमालकाच्या चुलीवर हल्ली कुठला मासा आसतो?" मी चिलापी म्हटले. ते "हूं" म्हणाले. त्या "हूं"ने मला दिवसभर पोखरले.

नानांच्या कानावर हे गेले तेव्हा त्यांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत. छत्री घेतली आणि दिवसभर डोहाच्या काठी जाऊन बसले. त्यांनी भेळवाल्यावर संशय घेतला, वाळू उपसणाऱ्यांवर घेतला, फोटो काढायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांवर घेतला. माझा नवरा शनिवारी मोठी पिशवी घेऊन का येतो, हेही विचारून झाले. मग एके दुपारी ते घाईघाईने शाळेत आले आणि मला वर्गातून बाहेर बोलावले.

"मांगूर हाय," ते म्हणाले. "वर यिऊन हवा घिऊन गेला. मिशा बगितल्या मी. एक न्हाई, लई हायती. देवाचे मासे त्यांनी खाल्ले, बाई."

मांगूर म्हणजे बाहेरून आणून तळ्यात पाळलेला काळा, बिनखवल्यांचा, मिशावाला मासा. समोर येईल ते खातो. पाळायला बंदी आहे तरी चोरून पाळतात. धरणाच्या पाण्यातून तो डोहात येणे शक्य नव्हते, मध्ये बंधाऱ्याची उंच भिंत होती. "कुठं बसला हे मला कळलं पायजे," नाना म्हणाले. "ह्यो आपल्या पायानं आलेला न्हाई. कुनीतरी हातानं सोडलाय."

पण मांगूर काढायचा तर डोहात गळ टाकावा लागणार. गुरव आणि सरपंच ऐकेनात. नानांनीच मासे खाल्ले आणि आता उरलेसुरलेही खाण्यासाठी ही मिशांची गोष्ट रचली, असे लोक तोंडावर म्हणू लागले. नाना पेटले. देवळाच्या सभामंडपात चार माणसांत उभे राहून त्यांनी सांगितले, "येत्या सोमवारी सोडनाऱ्याचं नाव सांगतो. ज्यानं सोडला, त्यानं जलमभर ह्या पायरीवर पाय ठिवायचा न्हाई. कबूल?" सगळ्यांनी कबूल म्हटले. "आन न्हाई सांगता आलं, तर मी खाल्ले आसं समजा."

त्या आठवड्याच्या बाजाराला मी नानांबरोबर शेवगावला गेले. मला भाजी घ्यायची होती, त्यांना चोर पकडायचा होता. मासळीच्या ओळीत शेवटी रशीदभाई बसत. त्यांच्यासमोर निळ्या टबात मांगूर वळवळत होते. नाना उकिडवे बसले. "हे जित्ते कोन नेतं?"

"कोन नेत न्हाई, नाना. तोडूनच देतो मी. गिऱ्हाइकाला जित्ता घिऊन काय करायचा?" रशीदभाई जरा थांबले. "हां, मागच्या साली एक बाई आल्त्या. वयस्कर, गळ्यात माळ. मी म्हनलो, मावशी, माळ घालून मासा? तर म्हनल्या, खायला न्हाई, सोडायचाय. मालकाचं मोठं आपरेशन झालं, देवानं जीव दिला, तर देवाच्या पान्यात जीव सोडायचा नवस हाय. जित्ताच पायजे. आता माझ्याकडं जित्ता ह्योच राहतो. बाकी समदा माल मेलेला येतो. एकटा नगं, जोडी द्या, म्हनल्या. एकटा करमायचा न्हाई त्याला."

"कशात नेले?" नानांनी विचारले. त्यांनी विचारायला नको होते.

"कळशीत. नवीकोरी स्टीलची. नाव घातलेली."

मासा कधी हातात न धरलेल्या बाईला मरळ काय आणि मांगूर काय. त्यांना फक्त जिवंत मासा हवा होता, आणि अख्ख्या बाजारात जिवंत असलेला तो एकच होता. नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. परतीच्या जीपमध्ये मी दोनतीनदा बोलायचा प्रयत्न केला. गाव येईपर्यंत नाना खिडकीतून बाहेर बघत होते.

सोमवारी सभामंडप भरला होता. बायका एका बाजूला, गयाकाकू त्यांच्यात, हातात दिव्याचे ताट. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हते. नवऱ्याने चोर पकडला आहे, म्हणून त्या कौतुकाने बसल्या होत्या. सरपंच म्हणाले, "हां, नाना. सांगा."

नाना उभे राहिले. "मांगूर मी सोडला," ते म्हणाले.

मग नाना पाठ केल्यासारखे बोलत सुटले. "दवाखान्यातून आल्यावर नवस फेडला. जोडी सोडली. अशक्तपनात वळखू आला न्हाई, मरळ वाटली."

कोणीतरी मोठ्याने हसले. "नाना, तुमी? तुमाला मरळ आन मांगूर कळंना?" गुरव तावातावाने म्हणाले, "ह्यो खोटं बोलतोय. मासे ह्यानंच खाल्ले आन आता मांगराच्या नावावर घालतोय." आणि खरोखर, नाना खोटे बोलत आहेत हे अख्ख्या सभामंडपाला दिसत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी तोंडे ओळखणाऱ्या माणसाला स्वतःला खोटे बोलता येत नव्हते.

बायकांच्या बाजूला गयाकाकूंच्या हातातले ताट हलले. जोडी, नवस, दवाखाना. त्यांना कळले. त्या उठल्या, तोंड उघडले.

नानांनी शेजारच्या लोखंडी खांबावर अंगठी आपटली. टण. एकच.

काकू उभ्याच्या उभ्या थांबल्या. नाना त्यांच्याकडे बघत नव्हते. काकू खाली बसल्या आणि पदर तोंडाशी धरला. मी त्यांच्या मागे होते. मला रडू आवरेना, आणि शेजारच्या बायकांना वाटले, मला घरमालकाची लाज वाटते आहे.

पायरी नानांना बंद झाली. मांगूर काढायची परवानगी मात्र मिळाली, गुरवांच्या नजरेखाली. पायरीवर पाय ठेवायचा नाही म्हणून नाना डोहाला वळसा घालून पलीकडच्या काठाने, बाभळीतून, दगडांवर जाऊन बसत. पहिला मांगूर निघाला तो त्यांनी तिथेच चिरून पोट उघडले. आत देवाच्या माशांचे मोठे खवले होते. नानांनी ते वेचून धुतले आणि पाण्यात सोडले. गुरव या काठावरून बघत होते. तरी त्यांचा संशय गेला नाही.

पुढे गावात वेगळाच पेच पडला. ज्याच्या पोटात देवाचा मासा गेला, तो मांगूर खायचा की नाही? मासे खाणारी माणसेसुद्धा नको म्हणू लागली. फेकला तर कुत्री, घारी इकडेतिकडे नेणार, आणि एखादा पुन्हा पाण्यात. नाना म्हणाले, "माजा गुन्हा, मी खातो." राख चोळून, बुळबुळ काढून, गोठ्यामागे ते रोज एकटे शिजवू लागले. मीही वाटी पुढे केली. कालवण तिखटजाळ झाले होते. नाना माझ्या काट्यांकडे बघत नव्हते.

मग एक दिवस गयाकाकू वाटणाची वाटी घेऊन आल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या नाहीत. गोठा ओलांडून चुलीपाशी आल्या, समोरच्या दगडावर बसल्या आणि फुंकणीने जाळ फुलवू लागल्या. माळ पदराआड लपवलीसुद्धा नाही. त्यानंतर शेवटचा मांगूर निघेपर्यंत काकूंनी रोज तो जाळ घातला.

मी एकदा न राहवून विचारले, "नाना, तुम्ही माझ्या नवऱ्याच्या पिशवीवर संशय घेतलात. मांजरावर घेतलात. काकूंवर एकदाही नाही?"

नानांना प्रश्नच विचित्र वाटला. "बाई, एसटीत घरच्यांना पास आसतोय," ते म्हणाले. "पास कोन तपासतं?"

माझी बदली झाली तो सोमवार होता. निरोप सकाळीच घेतला होता. नानांनी माझ्या टेम्पोतल्या सामानावरून नजर फिरवून त्यातली आपली एक बादली ओळखून परत घेतली होती, ती खरोखर त्यांचीच होती. सामान पुढे गेले, मी मागून एसटीने निघाले. रस्ता ओढ्याच्या पुलावरून जातो, तिथून डोह दिसतो. पायरीवर गयाकाकू दिवा लावून कणकेच्या गोळ्या टाकत होत्या. समोरच्या काठावर, बाभळीत, नाना बसले होते. त्यांच्या शेजारी ती स्टीलची कळशी होती. जायकवाडीच्या पाण्यातून मरळीची पिल्ले धरून ते कळशीतून आणतात, हे मला ठाऊक होते. गावाला ठाऊक नव्हते, आणि सांगितले असते तरी गावाने त्यात काहीतरी काळेबेरे शोधलेच असते.

नानांनी कळशी पाण्याशी तिरपी केली. आत वाकून एकेक पिल्लू नीट निरखले आणि मग सोडले. पायरीवरून काकू हात थांबवून त्यांच्याकडे बघत होत्या. मधे सगळा डोह होता. नानांनी मोकळी कळशी उचलली आणि तिच्यावर अंगठी वाजवली. पुलावर गाडीच्या आवाजात मला ऐकू येणे शक्यच नव्हते, पण त्यांचा हात दोनदा हलताना मी पाहिला. काकूंनी पुढची गोळी टाकली.